क्लच बदलताना फ्लायव्हीलचं फेसिंग करावं का?

तुमची 2013 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, 92 हजार किलोमीटर झालेत, चढाला क्लच स्लिप होतोय. मेकॅनिक म्हणतो, क्लच सेट टाकतोच आहोत तर फ्लायव्हीलचं फेसिंगही करून घेऊ. फ्लायव्हील म्हणजे इंजिनला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते; फेसिंग म्हणजे तिचा पृष्ठभाग मशिनवर घासून सपाट करणं. तुम्हाला वाटतंय, खर्च उगाच वाढवतोय का? माझं उत्तर असं: गिअरबॉक्स खाली उतरला की गॅरेजला जा, फ्लायव्हील स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. पण स्लिप होईपर्यंत चाललेल्या गाडीत बहुतेक वेळा फेसिंगची गरज असतेच, त्यामुळे मेकॅनिकवर एवढ्यात संशय घेऊ नका.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा क्लच कोल्हापुरात बदलला होता. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं कोरं. फ्लायव्हीलवरून फडकं फिरवलं आणि गिअरबॉक्स चढवला. मी तिथेच उभा होतो, पण विचारावं हे सुचलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्या गिअरला गाडी धक्के खात उचलू लागली. चढावर रिव्हर्स घेताना तर स्टिअरिंगसकट अख्खा डॅशबोर्ड थरथरायचा. आधी वाटलं इंजिन माउंटिंग गेलं असेल. तेही बदललं, फरक शून्य. शेवटी दुसऱ्या गॅरेजला गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, तेव्हा खरं कारण दिसलं. फ्लायव्हीलवर रुपयाच्या नाण्याएवढे पाच-सहा निळसर डाग होते आणि मधला भाग काचेसारखा चमकत होता. नवी प्लेटही तेवढ्या दिवसांत तशीच गुळगुळीत होऊन गेली होती. प्लेट पुन्हा घ्यावी लागली आणि गिअरबॉक्सची मजुरी दोनदा गेली. त्या मजुरीपुढे फेसिंगचे पैसे अगदीच किरकोळ होते.

असं का होतं ते सांगतो. क्लच प्लेट एका बाजूने प्रेशर प्लेटवर आणि दुसऱ्या बाजूने थेट फ्लायव्हीलवर दाबली जाते. म्हणजे सेट बदलला तरी घासणारा एक पृष्ठभाग जुनाच राहतो. घाटात ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की तिथे प्रचंड उष्णता तयार होते. फ्लायव्हील बहुधा बिडाचं असतं. बीड ठिकठिकाणी तापून पटकन थंड झालं की तेवढ्या जागी कडक होतं. मग प्लेट कडक जागेवर वेगळी पकडते, बाकीच्या जागी वेगळी, आणि गाडी थरथरते.

बघायचं काय? आधी नख फिरवा. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली असेल तर गोल चरे पडलेले असतात, नख अडकतं. निळे डाग, केसासारखे बारीक तडे, तेलाची ओल हेही बघा. मग सरळपट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो का ते मेकॅनिकला तपासायला सांगा. चरे नाहीत, डाग नाहीत, सपाटी बरोबर आहे, तर पॉलिश पेपरने चमक मोडून ब्रेक क्लीनरने पुसलं तरी भागतं. अशा वेळी फेसिंगचा हट्ट नको. याउलट तडे खोल असतील किंवा फेसिंगनंतर कंपनीने दिलेली किमान जाडी राहणार नसेल, तर फ्लायव्हील बदलायचं.

फेसिंग कुठे करता हेही तेवढंच महत्त्वाचं. माझं काम उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपमध्ये झालं. तिथल्या कारागिरानं लेथऐवजी सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या दगडानं घासणारं मशिन, वापरलं. म्हणाला, लेथचं टूल कडक डागावर आलं की वर उचललं जातं आणि तिथे उंचवटा राहतो; दगड तो सपाट कापतो. खरोखर, दगड डागावर आला की आवाज बदलायचा, तो बाहेर उभ्या माणसालाही कळला असता. डाग पुरते जाईपर्यंत त्यानं थोडं थोडं घासलं.

एक गोष्ट मात्र मशिनवाल्याला आवर्जून सांगा. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो भाग, यांच्यात पायरी असते. आतून जेवढं घासलं तेवढंच बाहेरूनही घासलं पाहिजे. नाहीतर पायरीचं माप बदलतं, प्रेशर प्लेटचा दाब कमी-जास्त होतो आणि नवा क्लचही स्लिप होऊ शकतो.

हे सगळं साध्या, एकसंध फ्लायव्हीलसाठी, जे तुमच्या गाडीत आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंगा आणि ग्रीस असलेलं. ते मशिनवर लावू नये. त्यातला खेळ (ढिलेपणा) तपासायचा, मर्यादेबाहेर असेल तर बदलायचं.

फ्लायव्हील काढलंच आहे तर मागे क्रँकचं ऑइल सील दिसेल. जरा जरी पाझरत असलं तरी तेव्हाच बदलून टाका; नव्या प्लेटवर तेल आलं की सगळी मेहनत वाया. फ्लायव्हील काढण्याआधी खूण करायला सांगा, म्हणजे ते त्याच जागी बसेल. बोल्ट नवे टाकायचे की नाही, ते सर्व्हिस मॅन्युअल सांगेल तसं, आणि आवळायचे टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). नव्या प्रेशर प्लेटला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तोही ब्रेक क्लीनरने पुसायला लावा. हे हमखास राहून जातं.

गाडी हातात आल्यावर पहिले चारपाचशे किलोमीटर हाफ क्लच टाळा. चढावर थांबलात तर हँडब्रेक लावा.