आरव्हीने हायवे १२: ब्राइस ते टोरी

३० फुटी भाड्याची आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी), सोबत आईबाबा, ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्कहून टोरी गावाला जायचंय आणि अमेरिकेतल्या युटा राज्याचा हायवे १२ झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. बिनधास्त जा. नुसतं पोहोचायचं तर अडीच-तीन तासांचं काम आहे, पण दिवस अख्खा ठेवा आणि त्यातला मोठा वाटा एस्कलांटे ते बोल्डर या दोन गावांमधल्या पट्ट्याला द्या. बहुतेक लोक ब्राइसमध्ये दुपार करतात आणि हाच भाग घाईत उरकतात. फार वाईट वाटतं मला त्याचं.

एस्कलांटे सोडलं की थोड्या मैलांवर 'हेड ऑफ द रॉक्स' लागतं. आईबाबांना इथे नक्की उतरवा, चालावं लागत नाही. खाली सगळा पांढुरका नवाहो वालुकाश्म आणि त्यातून वळणं घेत उतरणारा आपलाच रस्ता. जवळच्या खडकावर हात फिरवून बघा: बोटभर जाडीचे तिरपे थर, एका दिशेला कललेले, मध्येच कापून वर दुसऱ्या दिशेने सुरू झालेले. जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या आहेत या, वारा जसा फिरला तशा रचलेल्या. बारीक वाळू अजून बोटांना लागते.

पुढे काफ क्रीक. १२६ फुटी धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण ६ मैल, तेही बरंचसं वाळूतून, आईबाबांसाठी नाही. पार्किंगही छोटं, मोठ्या गाडीला जागा मिळणं कठीण.

त्यानंतर हॉगबॅक. अरुंद धारेवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. भीती वाटते हे खरं, पण रस्ता पक्का डांबरी, दोन लेनचा आहे. आपल्याकडचा घाटाचा नियम इथेही लागू: ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. मागे गाड्या साचल्या तर कडेला थांबायची जागा आली की वाट द्या. चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवायची, देखावा थांबून बघायचा.

बोल्डर गावात जेवा. गेल्या शतकातही इथे बरीच वर्षं टपाल खेचरांवरून यायचं. बोल्डर माउंटनवरचा रस्ता तर १९८५ मध्ये डांबरी झाला. तो रस्ता ९,६०० फुटांवर जातो, तेव्हा आईबाबांना धाप लागली तर घाई करू नका, पाणी पाजा. वर ॲस्पनची झाडं आणि पूर्वेला वॉटरपॉकेट फोल्ड या लाल खडकांच्या वळीची लांबच लांब रांग, तिच्यामागे हेन्री माउंटन्स. दुपार कलल्यावर तो लाल रंग जास्त खुलतो, म्हणूनच ब्राइसहून टोरी ही दिशा मला आवडते. मात्र अंधाराआधी खाली उतरा. हरणं आणि मोकळी चरणारी गुरं सरळ रस्त्यावर येतात.

बोल्डरहून फुटणारा बर ट्रेल हा रस्ता आरव्हीने करू नका. लाँग कॅन्यनच्या पुढेही डांबर आहे, पण कॅपिटल रीफ नॅशनल पार्कच्या हद्दीवर ते संपतं आणि पुढची कच्ची, तीव्र वळणं तुमच्या गाडीसाठी नाहीत. पेट्रोल एस्कलांटेलाच भरून घ्या.