नक्षत्रं आणि पुराणकथांवर कोल्हापुरात चित्रप्रदर्शन करायचंय, सुरुवात कुठून करू?

मृग नक्षत्रापासून करा. हरणाच्या रूपातला प्रजापती रोहिणीमागे धावतो, व्याध बाण मारतो. मृगाच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे तोच बाण. हिवाळ्यात रात्री रंकाळ्यावर उभं राहिलात तर अख्खी गोष्ट आकाशात दिसते, शहराच्या दिव्यांतही. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षं लांब. म्हणजे आज दिसणारा त्याचा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला. यावरच एक भिंत भरेल.

राशिचक्र मात्र नको, कॅलेंडरांनी त्याचा पार चोथा केलाय. त्यापेक्षा अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. सूर्य दक्षिणेकडे सरकताना नोव्हेंबरात आणि परतताना जानेवारीअखेरीस, मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात. आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपात, त्या उघड्या गोल छताखाली बसून एकदा स्केचिंग कराच.