मेकॅनिकलची मुलगी लवचीक सर्किटच्या क्षेत्रात जाऊ शकते का?

प्रश्न: माझा सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लास्टिक फिल्मवर छापलेल्या, वाकणाऱ्या सर्किटवर तिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा आहे. हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं. शाखा सोडून भलतीकडे गेली तर पुढे नोकरीचं काय?
– एक पालक, अक्कलकोट रोड

उत्तर: मुलीला अडवू नका. ती शाखा सोडत नाहीये. वीज वाहणाऱ्या चांदीच्या शाईने रेघ छापून एलईडी लावणं एका दुपारचं काम आहे. तीच रेघ दहा हजार वेळा वाकवल्यावर टिकेल का, आणि तडा कुठून सुरू होतो, हा प्रश्न स्ट्रेन (ताणामुळे लांबीत होणारा बदल) आणि फटीगचा (पुन्हा पुन्हा वाकून येणारा थकवा) आहे. म्हणजे तिच्याच अभ्यासक्रमातला.

वाकलेल्या फिल्मच्या बाहेरच्या बाजूचा स्ट्रेन साधारण जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट इतका असतो. १२५ मायक्रॉनची पीईटी (पॉलिएस्टर प्लास्टिक) फिल्म ५ मिमी त्रिज्येत वाकवली तर १.२५ टक्के, ५० मायक्रॉनची असेल तर फक्त ०.५ टक्के. वरून तेवढ्याच जाडीची फिल्म चिकटवली की रेघ मधल्या थरात येते आणि स्ट्रेन जवळपास शून्यावर उतरतो. हे तिने स्वतः मोजून दाखवलं तर प्रोजेक्ट तिथेच उभा राहिला.

छपाईसाठी गावातला स्क्रीन प्रिंटिंगवाला चालेल. २०० ते २३० मेशची (एका इंचात तेवढे धागे असलेली) जाळी मागा. शाई महाग असते, १०० ग्रॅम पुरते. चांदी तळाशी बसते, म्हणून छापण्याआधी नीट ढवळायची. बहुतेक शाया १२० ते १३० अंशांवर २० ते ३० मिनिटं भाजाव्या लागतात, पण डब्यासोबतच्या माहितीपत्रकातला आकडा अंतिम. तापमान ओव्हनच्या काट्यावर न पाहता थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फिल्मला टेकवून मोजावं. अर्धवट भाजलेली शाई पुढचे सगळे आकडे नासवते. घरचा माल म्हणून टॉवेलवर छापायचा मोह मात्र टाळा. टेरीच्या लूपवर सलग रेघच बसत नाही.

वाकवण्याचं यंत्र तुमच्या कारखान्यातला फिटर बनवून देईल: ३० आरपीएमची गिअर मोटर, क्रँक, एक स्थिर आणि एक सरकणारी पट्टी, सोबत काउंटर. १०,००० फेऱ्या साडेपाच तासांत होतात. फिल्म जिथे पकडली जाते तिथे रबर लावा, नाहीतर तडा क्लॅम्पच्या धारेवर पडतो आणि दोष शाईला लागतो. चांदीच्या रेघेला सोल्डर करू नका, खालची फिल्मच वितळते. कंडक्टिव्ह इपॉक्सीने (वीज वाहणाऱ्या गोंदाने) तारा जोडा, आणि हे जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवा.

बहुतेक प्रोजेक्ट फसतात ते मोजमापात. १ मिमी रुंद, १०० मिमी लांब रेघेचा रोध (रेझिस्टन्स) चारेक ओहम येतो. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध अर्ध्या ओहमपर्यंत जातो. मग तड्यामुळे रोधात झालेली १० टक्के वाढ दिसणार कशी? म्हणून चार तारांची पद्धत: दोन तारांतून १० मिलिअँपिअर सोडायचे, उरलेल्या दोनांवर व्होल्टेज वाचायचं. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला १२५ ओहमचा रेझिस्टर लावला की तेवढा करंट स्थिर मिळतो, आणि एडीएस१११५ हे व्होल्टेज मोजणारं मोड्यूल ४० मिलिव्होल्ट आरामात वाचतं. वाचन यंत्र चालू असतानाच घ्यायचं. वाकताना तडा उघडतो, सपाट झाल्यावर पुन्हा टेकतो, त्यामुळे यंत्र थांबवून मोजलं तर मेलेली रेघही जिवंत दिसते. प्रत्येक त्रिज्येला निदान पाच नमुने घ्या, रेघ बाहेरच्या बाजूला ठेवून आणि आतल्या बाजूला ठेवून वेगवेगळे. रोध २० टक्के वाढला की नमुना बाद, ही अट आधीच लिहून ठेवावी.

नोकरीचं विचाराल तर मेम्ब्रेन कीपॅड, गाडीच्या सीटमधले सेन्सर, शुगर तपासायच्या पट्ट्या या सगळ्या छापील वस्तू आहेत. मुलाखतीत तिने फेऱ्या विरुद्ध रोधाचा आलेख आणि तड्याचा मायक्रोस्कोपखालचा फोटो समोर ठेवावा. पुढे शिकायचं असेल तर मेकॅनिकलच्याच पेपरने गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी. आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि पुण्यातली सी-मेट ही सरकारी संस्था इलेक्ट्रॉनिक मटेरिअल्सवर काम करते. तिथे इंटर्नशिपसाठी तिने सहाव्या सेमिस्टरच्या आधीच, कॉलेजच्या पत्रासह अर्ज करावा.