प्रॅक्टिसला ५६५, मॅचला ५४०: मन शांत करायच्या नादी लागू नकोस

तुझं म्हणणं थोडक्यात असं: दहा मीटर एअर पिस्तूल, तीन वर्षं झाली, प्रॅक्टिसला सहाशेपैकी ५६५ लागतात, मॅचला गाडी ५४० वर अडकते. हात थरथरतो, छातीत धडधडतं. तर मन शांत ठेवायला काय करू?

आधी एक उलट प्रश्न. ५६५ ही तुझी सरासरी की सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा? सुरुवात बिघडली की "हे सायटर्स (न मोजायचे सरावाचे शॉट्स) होते" म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजतोस का? आम्ही सगळ्यांनी हे केलंय. पंधरा मिनिटं तयारी आणि सायटर्स, मग पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट्स, मध्ये माघार नाही, असं घड्याळ लावून दहा वेळा मार. निम्मा फरक तिथेच गळून पडेल.

उरलेला निम्मा मनाचा. पण धडधड थांबवायला जाऊ नकोस, ती थांबत नाही. मी पुण्यात पंधरा वर्षं शूटिंग करतोय आणि अजूनही बालेवाडीच्या रेंजवर माझ्या लेनवर, म्हणजे ठरलेल्या जागी, उभा राहिलो की पहिल्या सायटरला हात दुसऱ्याचाच वाटतो.

अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचं उदाहरण बघ. २००४, अथेन्स, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची) फायनल. शेवटचा शॉट बाकी, हा चांगला पुढे. नेहमी तो आधी टार्गेटवरचा लेन नंबर बघायचा आणि मग रायफल खाली आणायचा. त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता, नंबर बघायचा राहिला, आणि गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य. सुवर्ण गेलंच, थेट आठवा आला. हे त्यानेच नंतर सांगितलंय. मन शांत करणं हेही एक कामच आहे, आणि ते करताना खरं काम सुटतं.

माझी फजिती एवढी मोठी नव्हती, पण जात तीच. एका राज्य स्पर्धेत दहा-दहा शॉट्सच्या पाच सिरीज झाल्यावर गुण दाखवणाऱ्या मॉनिटरकडे बघून हिशोब केला: शेवटच्या दहात ९२ आले की झालं. चौपन्नाव्या शॉटला पिस्तूल उचललं, फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) काही ठरेना. खाली ठेवायला हवं होतं. पण "इतका वेळ धरलंय तर मारूनच टाकू" म्हणत वीसएक सेकंद ताणलं. तेवढ्यात श्वास संपतो, डोळा धूसर होतो आणि आपल्याला वाटतं आता दिसतंय नीट. दहापैकी सहा.

तेव्हापासून मी खाली ठेवण्याची प्रॅक्टिस करतो. गंमत नाही. रोज पहिल्या वीस शॉट्समध्ये पाच वेळा, चांगलं ठरलेलं असतानाही, पिस्तूल मुद्दाम खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा, पायापासून पुन्हा सुरू. एका शॉटला सव्वा मिनिट मिळतं, चिक्कार आहे. मॅचमध्ये खाली ठेवायला धीर लागतो आणि तो तिथे आयत्या वेळी येत नाही.

बाकी क्रम ठरलेला ठेव आणि तो शब्दांत बांध. माझे तीनच शब्द आहेत: "साईट, दाब, थांब." शेवटचा फॉलो थ्रूसाठी, म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहण्यासाठी. "झटका देऊ नकोस" असं स्वतःला कधीच सांगू नकोस, बोटाला त्यातला झटका तेवढा ऐकू येतो.

घरी कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करताना डोळ्यांसमोर मॅचचा हॉल आण: शेजारच्या लेनचा फट्ट आवाज, बुटाखालची लादी, सगळं. घाईने नाही, खऱ्या शॉटला लागतो तेवढाच वेळ लावून. आठवड्यातून एक दिवस मॉनिटर नॅपकिनने झाकून मार आणि प्रत्येक शॉटनंतर, नॅपकिन न उचलता, कुठे लागला ते वहीत लिही. सुरुवातीला अंदाज साफ चुकतील.

आवाजाचं म्हणशील तर पुण्यात ती सोय फुकट आहे. आमची रेंज पेठेतल्या एका तळघरात होती, गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव तिथपर्यंत यायचा. सगळे वैतागायचे. सर मात्र नेमके तेव्हाच आमची फायनल लावायचे.

आणि "मॅचआधी अर्धी गोळी घे" असं कुणी सुचवलं तर हात जोड. धडधड कमी करणारी बीटा ब्लॉकर्स नेमबाजीत उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेच्या बाहेरसुद्धा.

ते दहा स्कोअर आले की इथेच टाक, टार्गेटच्या फोटोसकट. तू उजव्या हाताने मारत असशील आणि सहा-सात सगळे डावीकडे खाली जमले असतील, तर आधी ट्रिगरवरच्या बोटाचं बघू.