फळं टिकवायचं शास्त्र शिकून पोट भरेल का?

प्रश्न : चिकोडी तालुक्यात आमची केळीची बाग आहे. मुलगी पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तोडलेली फळं जास्त दिवस टिकावीत यावर संशोधन करायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, नीट दे, नाहीतर निदान नर्सिंग कर. यात नोकरी आहे का? शिकायचं कुठं? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

पाहुण्यांना वाटत असेल की हा जॅम आणि लोणची करायचा कोर्स आहे. तो वेगळा. तुमची मुलगी म्हणते ते वनस्पतिशास्त्र आहे, आणि चांगलंच कठीण आहे. घड उतरवला तरी फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं, आणि केळी, आंबा, चिकू यांसारखी फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्या वायूनं शेजारचं फळही पिकायला लागतं. आढी घालतात ती याच जोरावर. द्राक्ष तोडल्यावर पुढं पिकत नाही, त्यामुळं अथणीच्या बागायतदाराची भांडणं बुरशीशी आणि वाळणाऱ्या देठाशी. केळी तर थंडीतही ठेवता येत नाहीत. साधारण १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

हे संशोधन कसं चालतं त्याचा एक नमुना सांगतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात गोपिनाधन पालियथ यांनी फळ मऊ का पडतं याचा माग काढला. फॉस्फोलायपेज डी नावाचं विकर (एन्झाइम) फळाच्या पेशींचं पातळ आवरण, म्हणजे पेशीपटल, तोडत जातं. त्याला अडवायला त्यांनी हेक्सनाल वापरलं. हा पदार्थ वनस्पती स्वतःच तयार करतात. कापलेल्या गवताच्या वासातही तो असतो. पुढं कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाबरोबर आंब्यावर प्रयोग झाले, तेही तोडणीआधी झाडावरच फवारून. प्रयोगशाळेतून बागेपर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात. तेवढा दम तिच्यात आहे का, हे मार्कांच्या आधी बघा.

शिकायला लांब जायला नको. गोकाकजवळच्या अरभावीचं कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं आहे. बीएस्सी हॉर्टिकल्चर, चार वर्षं. साध्या बॉटनीपेक्षा मी हीच पदवी घ्यायला सांगेन, कारण संशोधनात मन नाही रमलं तरी हातात काम राहतं. प्रवेश केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, त्यासाठी वेगळी प्रॅक्टिकल परीक्षा द्यावी लागते. जमिनीचे आणि उत्पन्नाचे दाखले आत्तापासून तयार ठेवा. ऐन वेळी तहसील कचेरीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुढं एमएस्सी, मग पीएचडी. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याची आयआयएचआर (फलोत्पादन संशोधन संस्था), म्हैसूरची सीएफटीआरआय (अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), लुधियानाची सिफेट (काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाची संस्था) ही या विषयातली मोठी ठिकाणं. कृषी विद्यापीठांतल्या एमएस्सीसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा असते.

सीमाभागातल्या घरांत हमखास निघणारा विषय : "कोल्हापूरला पाठवू का?" महाराष्ट्रात तंत्रशिक्षणासारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी भाषिकांना वेगळी तरतूद आहे. कृषीला ती कशी लागू होते ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. मात्र बारावीसाठी तिकडं गेली तर इकडच्या केसीईटीच्या रहिवासाच्या अटी आधी वाचा. इथंच शिकली तर शिकवणं इंग्रजीतून, शेतकऱ्यांशी बोलणं कन्नडमध्ये. मराठी माध्यमाच्या मुलांची पहिल्या वर्षी इंग्रजीनं दमछाक होते, पुढं रुळतात. कन्नडचा मात्र कंटाळा करू देऊ नका.

नोकरीचं खरं सांगतो. बीएस्सीवर फलोत्पादन खात्याच्या जागा निघतात, पण दरवर्षी नाही. निर्यातीची पॅकहाऊस (माल निवडून भरायची ठिकाणं), शीतगृहं, रायपनिंग चेंबर (फळं पिकवायच्या खोल्या) इथं काम मिळतं, सुरुवातीचा पगार बेताचा. शास्त्रज्ञ व्हायचं तर पदवीनंतर किमान पाच वर्षं धरा. तेवढी वर्षं कमाईची घाई नको असेल तरच हो म्हणा.

तोवर घरच्या बागेतच तिची परीक्षा घ्या. एकाच घडाच्या कच्च्या फण्या घेऊन एक उघडी ठेवा, एक पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत, एक माळ्यावर. रोज रंग, वजन, देठ वहीत लिहायला सांगा. पावडर लावून पिकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. केळी पिकून संपली तरी ती दुसरा घड मागत असेल, तर एखाद्या दिवशी तिला घेऊन अरभावीला जाऊन या.