कट्टा ग्रॅनाईटचा दिसतोय, पण हाय कशाचा?

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या किचनचा कट्टा बारा-तेरा वर्षांमागं मेस्त्रीनं बसवला, काळ्या ठिपक्यांचा, बघणाऱ्याला ग्रॅनाईटच वाटायचा. आता सिंकजवळ ठिपके पार पुसून गेलेत आणि तपकिरी दिसायलंय, शेगडीच्या बाजूला कुकरचा गोल डाग पडलाय. मी म्हटलं पॉलिशवाला बोलवूया, तर ह्यांचं म्हणणं मोबाईलवर बघितलंय, इपॉक्सी, म्हणजे दोन बाटल्यांतलं कालवून ओतलं की घट्ट होऊन चकाकणारं रसायन, ओतून घरीच चकाचक करतात. जमेल का? गणपतीच्या आधी व्हायला पाहिजे.
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : वैनी, पॉलिशवाल्याला अजिबात बोलवू नका. तपकिरी दिसायलंय म्हणालात तिथंच कळलं, कट्टा दगडाचा नाही, प्लायवर चिकटवलेला सनमायका आहे. खात्री पाहिजे तर सिंकखालचं कपाट उघडा, बॅटरी घेऊन आत डोकं घाला आणि सिंकसाठी कापलेली कड बघा. दगड असेल तर वरपासून खालपर्यंत दगडच दिसणार, सनमायका असेल तर वर नखासारखा पातळ थर आणि खाली प्लायच्या पट्ट्या. तो थर जेमतेम १ मिलीमीटरचा, त्यातले ठिपके म्हणजे छापलेला एक कागद आणि त्याच्याखाली सगळे तपकिरी कागद दाबून बसवलेले. वरचा कागद झिजला, आता मशीन फिरवलं तर उरलेले ठिपकेपण जाणार. म्हणून दादांचंच खरं, वरून कोट घालायचा. पण घाई करू नका.

आधी सिंकची कड. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं प्लाय खालून टोचून बघा, बिस्किटासारखा भुगा पडला किंवा कड फुगलेली असली तर इपॉक्सीवर एक रुपया घालू नका, तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या, पाणी कुठनं मुरतंय ते बंद करा, मग पुढचं. प्लाय टणक असेल तर जुनं सिलिकॉन ब्लेडनं सगळं खरवडून काढा, कारण त्याच्यावर काहीच चिकटत नाही.

मग तेल. फोडणीचं तेल वर्षानुवर्षं बसलेलं असतं, दिसत नाही पण असतं. भांड्याचा साबण आणि गरम पाण्यानं दोनदा घासा, साध्या पाण्यानं पुसा, दोन दिवस वाळू द्या, तेवढे दिवस स्वैपाक बाहेरच्या खोलीत. नंतर १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, फक्त चकाकी जाईपर्यंत, हात फिरवला की खडूसारखं लागलं पाहिजे. खड्ड्यात गाडीची पुट्टी चालते. मग प्राइमर, बेस कलर, आणि दगडाचा लुक पाहिजे तर फाटका स्पंज दोन-तीन रंगांत बुडवून, पिळून, टिपत जायचं. हे काम पोरांना द्या, त्यांचं वेडंवाकडं टिपणंच दगडासारखं दिसतं, आपण फार नीट करायला गेलो की चादरीचं डिझाईन होतं.

शेवटी इपॉक्सी. ८ फूट बाय २ फुटाचा कट्टा म्हणजे दीड चौरस मीटर, १ मिलीमीटर थराला दीड लिटर लागणार, कडेनं ओघळतं ते वेगळं. दोन बाटल्यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच मोजून घ्या, आमटीत मीठ टाकल्यासारखं अंदाजानं नको. कालवलं की लगेच ओता, मगात ठेवून सोडलं तर मगातच तापून घट्ट होतं. शेगडी बाहेर, सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, हातात मोजे.

आता गणपतीचं. मी एकदा भर श्रावणात हे केलंय, बाहेर आपला बेळगावचा पाऊस, भिंतीला ओल. हवेतल्या दमटपणानं वर मेणचट साय धरली, चार दिवस झाले तरी बोट ठेवलं की ठसा, त्यात मुंग्या अडकल्या त्या वेगळ्याच, आणि आमच्या आईनं येईल त्या पाहुण्याला तो कट्टा नेऊन दाखवला. शेवटी सगळं खरवडून परत केलं. तेव्हा तुळशीचं लग्न होऊ दे, हवा कोरडी होऊ दे, मग काढा. दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेलं लागेल तरी ७ दिवस वर भांडी मांडू नका.

आणि एक कबूल असेल तरच करा. साधी इपॉक्सी ५०-६० डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागते आणि शिट्टी झालेला कुकर १२० च्या आसपास असतो, म्हणजे आताचा गोल डाग नव्या कट्ट्यावर पहिल्याच दिवशी परत उमटेल. कुकर, तवा, कुंद्याची कढई, सगळं लाकडी पाटावर. विळीच्या पायाखाली जाड फडकं. भाकरी कट्ट्यावर थापायची सवय असेल तर ती परातीत. हे घरात कुणाला जमणार नसेल तर त्या पैशात नवा सनमायका नाहीतर थोडं साठवून खरा ग्रॅनाईट, इलकलचा लाल आपल्याच राज्यातला, त्याला कुकरचं काय वाटत नाही.

प्रश्न : आमचा जुना मोझॅकचा कट्टा आहे, पांढुरके चट्टे पडलेत. ह्याच्यावरपण इपॉक्सी घालायची का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नको हो, मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये खऱ्या संगमरवराचे खडे, तो घासून परत निघतो. ते चट्टे लिंबाचे नाहीतर आमसुलाचे असणार, आंबट पडलं की संगमरवर आणि सिमेंट दोन्ही खातं. कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, बारीक फेस आला तर समजा तेच. इथं मात्र पॉलिशवाला बोलवा, ६०, १२०, ३२० अशा चढत्या नंबरचे दगड लावून घासतो आणि शेवटी पावडरनं चमक आणतो. घरभर चिखल होतो, डबे आधी झाका. आणि सोलकढीचं पातेलं पुसून ठेवत जा.