रोजच्या एक तास एक्स्ट्राला हो म्हणण्याआधी आठवड्याची बेरीज करा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मुलगी 12 वर्षांची, सातवीत, शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी. शाळेत आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास, रविवारी क्लबवर तीन तास, आणि आता सर म्हणतात की सोमवार ते शनिवार सकाळी एक तास एक्स्ट्रा केला नाही तर पोरगी जिल्ह्याच्या पुढे जाणार नाही. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की हल्ली प्रॅक्टिसच्या दिवशीच तिचं पोट दुखतं. मी त्या ओळीवर थांबले. आमच्याकडेही सुरुवात पोटापासूनच झाली होती.

मी कोच नाही, डॉक्टरही नाही. एका पिचर मुलीची आई आहे, नागपुरात रेशीमबागच्या मैदानाच्या कडेला बरीच वर्षं बसलेली. माझं म्हणणं तेवढ्याच वजनाचं धरा. वॉर्मअप, पाणी, बूट हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात जात नाही.

आमची चूक कुठे झाली ते सांगते. लेक आठवीत होती, 13 वर्षांची, अंडर-14 चं शेवटचं वर्ष. शाळेच्या सरांनी तिला जास्त राबवलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला साधारण 60 बॉल. वेगळे लावलेले पिचिंगचे कोचही समजूतदार होते, तीन दिवस, 100 बॉल. आणि रोज संध्याकाळी गच्चीवर तिचे बाबा ग्लोव्ह घालून बसायचे, "फक्त 50 टाक बेटा, हात मोकळा राहतो." तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. बेरीज मात्र कोणीच केली नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर दिवसभर हिशेबाचंच काम करते. 180 अधिक 300 अधिक 350, म्हणजे आठवड्याला 830 बॉल. वेळ धरला तर 14 तास, आणि सुट्टीचा दिवस एकही नाही. गच्चीवरचे 50 बॉल आमच्या लेखी प्रॅक्टिस नव्हतेच, ते "थोडंसं एक्स्ट्रा" होतं.

हे तरी दोन-तीन आठवड्यांत आटोपलं असतं, पण निवड चाचणीची तारीख आली. चाचणी ज्या कार्यालयाकडे होती त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तारीख मिळाली ऑगस्टअखेरची. ती पावसामुळे पुढे गेली, ते ठीक. मग मैदान मिळालं नाही म्हणून पुढे. मग कारणच नाही, फक्त "पुढील तारीख कळविण्यात येईल". मी फोन करायचे, तर साहेब मीटिंगमध्ये. प्रत्यक्ष गेले, तर टेबलावरच्या बाईंनी "ग्रुपवर येईल ना ताई, कशाला चकरा मारता" म्हणून परत पाठवलं. शेवटी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेदहाला ग्रुपवर मेसेज आला की उद्या सकाळी आठला हजर राहा. तेरा-चौदा वर्षांची लेकरं, त्यातली काही काटोल-उमरेडवरून येणार, आणि त्यांना हातात एक रात्र! आजही ते आठवलं की मला झोप लागत नाही. एक पक्की तारीख दिली असती तर कितीतरी घरांतली लेकरं मधल्या काळात विसावली असती.

पण त्या सहा आठवड्यांत तिला थांबवणं माझ्या हातात होतं. दर आठवड्याला वाटायचं, चाचणी आता चार दिवसांवर आली, आता कसं थांबायचं? असं करत परीक्षेच्या आदल्या दिवसाचा अभ्यास आम्ही सहा आठवडे चालवला. जवळपास 5000 बॉल. ऑक्टोबरच्या त्या उन्हात.

ती सांगत नव्हती असंही नाही. आधी पोट. मग झोप, शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच डोळा लागायचा. मग एकदा जेवताना म्हणाली, "आई, हात समोरून दुखून राहिला." मी आयोडेक्स लावून दिलं. चाचणीत तिने अकरा बॉल टाकले आणि स्वतःच सर्कलमधून, म्हणजे पिचरच्या गोलातून, बाहेर आली. रडलीसुद्धा नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

त्यानंतर ग्लोव्ह शाळेत राहिला म्हणाली. पुढच्या आठवड्यात म्हणे कोणीतरी नेला. नोव्हेंबरच्या शेवटी रजया काढायला दिवाण उघडला, तर सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला तोच ग्लोव्ह. मी तिला काही विचारलं नाही. तिथेच बसून राहिले.

धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाला वाढीची मऊ पट्टी असते, ती अजून पक्की झालेली नसते. तोच तोच ताण बसला की ती दुखावते. आणि विंडमिल पिचिंगमध्ये हात पूर्ण गोल फिरतो तेव्हा खांद्याच्या पुढच्या बाजूवर, दंडाच्या स्नायूच्या दोरीवर, जवळजवळ शरीराच्या वजनाइतकी ओढ येते. आपल्याकडे मैदानावर सर्रास म्हणतात, "बॉल खालून टाकायचा असतो, खांद्याला काही होत नाही." हे साफ चुकीचं आहे. बेसबॉलच्या मुलांचे बॉल मोजतात, सॉफ्टबॉलच्या मुलींचे कोणी मोजत नाही, याचं मूळ याच समजात आहे. लेकीला तीन महिने एकही बॉल टाकायचा नव्हता.

आता तुमचं. मला जे दोन आकडे तेव्हा कोणी सांगितले नाहीत ते सांगते. मुलांच्या खेळाचे डॉक्टर एक सोपी मर्यादा देतात: जितकं वय, आठवड्याला त्याहून जास्त तास ठरवून केलेला खेळ नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब, सलग नसले तरी चालतील. तुमची मुलगी आजच 9 तास करते. त्यात सहा टाकले की 15. वय 12. सर कितीही चांगले असोत, मी त्या सकाळच्या तासाला नाही म्हणेन. फार तर अर्धा-अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, तोही बॉल न टाकता. त्या आठवड्यात सामना असेल तर तेही नाही.

बॉलचं म्हणाल तर तिकडच्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या तक्त्यात 10 ते 12 वयाच्या पिचरला एका सामन्यात 65 आणि दिवसभरात 95 बॉल ही वरची मर्यादा आहे. आकड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते एकाच वहीत लिहिणं. शाळा, क्लब, घर, सगळं एका पानावर, आणि ते पान शाळेच्या सरांना आणि क्लबच्या कोचला, दोघांनाही दाखवा. एकालाच दाखवलं तर दुसरा त्याच्या हिशेबाने पुढे जाईल.

मैदानावर कोणीतरी तुम्हाला युकिको उएनोचं उदाहरण देईल. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत 413 बॉल टाकले आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. खरं आहे, आणि मला ती फार आवडते. पण ती तेव्हा 26 वर्षांची होती आणि समोर ऑलिंपिकची फायनल होती. सातवीतल्या मुलीच्या मंगळवारच्या प्रॅक्टिसला ते उदाहरण लागत नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय म्हणून पालकांची घाई अजून वाढलीय, तेही बघतेय. आणि दहावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, हे माझ्याही डोक्यात होतं. ते चूक नाही. फक्त ते गणित तेरा वर्षांच्या खांद्यावर ठेवू नका.

एक्स्ट्रा करायचंच असेल तर खांद्यावर पिचिंगचा ताण न देता करा. टेनिस बॉल भिंतीवर आपटून खाली वाकून उचलणं, दहा-बारा फुटांवरून नुसत्या मनगटाची फिरकी (मोज्यांचा गोळा करून, पलंगावर), टीवर (उभ्या स्टँडवर) बॉल ठेवून थोडी बॅटिंग. आमची लेक त्या तीन महिन्यांत धाकट्या भावासोबत लंगडी आणि खो-खो खेळली. तिचं बेस रनिंग तिथेच सुधारलं असं माझं मत, कोचना ते पटत नाही. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात मे महिन्यात सकाळी सातनंतर मैदान नकोच, आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस तर थेट सुट्टीत धरा. शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वर्षाच्या सुट्टीतला एक महिना आपोआप निघतो. फक्त तेव्हा समर कॅम्प लावू नका, जो आम्ही दोनदा लावला. ग्लोव्ह गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने चामडं कडक होतं.

पोटदुखीबद्दल तिला "खेळायचं की नाही" असं विचारू नका, ती तुमचं तोंड बघून हो म्हणेल. आमच्या लेकीने म्हटलंच होतं. त्यापेक्षा गुरुवार सुट्टीचा म्हणून आजच कॅलेंडरवर खूण करा, सरांना तुम्ही स्वतः कळवा, आणि चाचणीची तारीख कितीही वेळा हलली तरी तो गुरुवार हलवू नका. दोन-तीन आठवडे बघा. पोट थांबलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. थांबलं नाही तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पोटाचं दुसरंही काही असू शकतं, मी दुरून सांगू शकत नाही.

लेक आता बारावीत आहे. पिचिंगला परत गेली नाही, फर्स्ट बेसला खेळते, तिचं तिने ठरवलं. मला वाईट वाटतं का? हो, वाटतं. तिचा राइज बॉल, तो वर चढतोय असं वाटणारा, फार सुंदर यायचा.

सात दिवसांचं पान भरलं की आकडे इथेच टाका, मी बेरीज करून बघते. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय असं ती एकदा जरी म्हणाली, तर मात्र इथे विचारत थांबू नका आणि आयोडेक्सही लावू नका. त्याच दिवशी बॉल बंद आणि डॉक्टरांची वेळ घ्या.